वाकेनवीस ते लॉगिंग लायब्ररी : मोबाइल ॲपमधील नोंदसाधनाची निवड आणि तिची ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रस्तावना

मोबाइल ॲप तयार करणाऱ्यास आरंभीच जे अनेक लहानसहान निर्णय घ्यावे लागतात, त्यांत लॉगिंग लायब्ररी कोणती वापरावी हा एक होय. लॉग म्हणजे ॲप चालू असताना त्याने स्वतःच्या कामकाजाविषयी ठेवलेली वेळवार नोंद. अमुक वाजता अमुक पडदा उघडला, अमुक वाजता सर्व्हरशी संपर्क साधण्याचा प्रयत्न झाला, तो फसला आणि त्याचे कारण हे, असे तिचे स्वरूप असते. लायब्ररी म्हणजे ही नोंद लिहिण्यासाठी इतरांनी आधीच तयार करून ठेवलेला आणि आपल्या ॲपला जोडून घेता येणारा आज्ञासंच. ॲप सुरळीत चालत असेल तोवर या नोंदीकडे कोणी पाहत नाही. ते बिघडले की मात्र काय घडले हे सांगणारा दुसरा साक्षीदार बहुधा नसतो. असे असूनही लायब्ररीची निवड बहुतेक वेळा काही मिनिटांत उरकली जाते. इतर लोक जी वापरतात तीच घेतली जाते.

प्रस्तुत लेखात या निवडीचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. नोंद किती सहजपणे लिहिता येते, यापेक्षा ती कोठे ठेवली जाते, कोणाला वाचता येते आणि किती काळ टिकते हे प्रश्न अधिक निर्णायक आहेत आणि ते संगणकापेक्षा पुष्कळच जुने आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे. विवेचनासाठी रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा परिसर समोर ठेवला आहे. माणगाव म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकास प्रथम मार्च १९२० ची माणगाव परिषद आठवते. ते माणगाव कोल्हापूर संस्थानातील. येथे अभिप्रेत असलेले माणगाव काळ नदीकाठचे, मुंबई-गोवा महामार्गावरचे. शेजारच्या महाड तालुक्यात रायगड किल्ला आहे. तालुक्यातच लोणेरे येथे १९८९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तालुक्यातील शेतकरी आपल्या भातपिकाची नोंद २०२१ पासून मोबाइल ॲपवर करू लागला आहे. नोंदीच्या इतिहासातील तीन टप्पे असे एकाच परिसरात भेटतात.

रायगडावरचा वाकेनवीस

जून १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. अष्टप्रधानांतील मंत्र्याचे जुने पदनाम वाकेनवीस, बोलीत वाकनीस, असे होते. या पदावर दत्ताजी त्रिंबक हे होते. फारसीतील 'वाकिआ' म्हणजे घडलेली गोष्ट आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. राजाच्या दैनंदिन व्यवहाराची व दरबारातील घडामोडींची नोंद ठेवणे हे त्याचे काम. राज्यव्यवहारकोशाने फारसी पदनामांच्या जागी संस्कृत शब्द आणले, तेव्हा वाकेनवीसाचा मंत्री झाला. नवे नाव भारदस्त खरे, परंतु जुन्या नावात कामाचे जे नेमके वर्णन होते ते त्यात उरले नाही. आजच्या सॉफ्टवेअरमधील 'लॉगर' या शब्दाला मराठी प्रतिशब्द हवाच असेल, तर वाकेनवीस याहून चपखल शब्द सापडणे कठीण आहे.

वाकेनवीस हा सुरनीस किंवा मुजुमदार यांच्याहून वेगळा अधिकारी होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. सुरनीस म्हणजे सचिव हा पत्रव्यवहार तपासी, मुजुमदार म्हणजे अमात्य हा जमाखर्च पाही. घडलेली गोष्ट टिपणे हे स्वतंत्र काम आहे आणि ते इतर कामात मिसळू देऊ नये, ही जाण या विभागणीत दिसते.

परंतु नोंद लिहिली गेली म्हणजे ती टिकली असे होत नाही. रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती गेला. पुढे मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात गडावरचे वाडे जळाले. शिवकालीन राजधानीचे दफ्तर आज अभ्यासकाच्या हाती नाही. लिहिणारा नेमलेला होता आणि लिहिण्याची शिस्तही होती, तथापि ज्या ठिकाणी घटना घडत होत्या त्याच ठिकाणी त्यांची नोंदही होती. ठिकाण गेले तेव्हा नोंदही गेली. ॲपचा लॉग केवळ त्या फोनमध्येच ठेवावा की अन्यत्रही पाठवावा, या आजच्या प्रश्नाचा हा जुना अवतार आहे.

चालते दफ्तर आणि एक बेरीज

पेशवाईतील पुण्याच्या हुजूर दफ्तराची रचना याहून पुढे गेलेली दिसते. त्याचे दोन प्रमुख भाग होते. चालते दफ्तर हे नावाप्रमाणे रोजच्या कामाचे. फड, बेहेडा आणि सरंजाम ही त्यातील खाती फडणिसाच्या देखरेखीखाली असत. एक बेरीज दफ्तरात या चालत्या कागदांवरून वर्गवार गोषवारे व हिशेब तयार होत. नाना फडणिसांच्या काळात ही व्यवस्था विशेष काटेकोर झाली, तर दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ती ढिलावली.

व्यापाऱ्याच्या पेढीवरही हेच तत्त्व होते. रोजकीर्द ही काळाच्या क्रमाने लिहिली जाते, व्यवहार घडेल तसा तो टिपायचा. खतावणी ही नंतरची. तीत तेच व्यवहार खात्यांनुसार मांडले जातात. रोजकिर्दीत खाडाखोड चालत नाही, चूक झाली तर उलट नोंद घालून ती सुधारावी लागते. महसुलातील गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, हीदेखील याच जातीची आहे. जमिनीच्या हक्कात बदल झाला की जुनी ओळ पुसली जात नाही, नव्या क्रमांकाचा फेरफार पडतो आणि त्याचा परिणाम सातबाऱ्यावर उतरतो. सातबारा आजची स्थिती सांगतो आणि ती स्थिती कशी आली हे फेरफार सांगतात. संगणकशास्त्राच्या भाषेत पहिला डेटाबेस, दुसरा लॉग. ॲप लिहिणाऱ्यास हा भेद समजावून देण्यासाठी परदेशी उदाहरण शोधण्याची गरज नाही, तलाठी कार्यालयात तो जागोजागी आढळतो.

हुजूर दफ्तर टिकले, याचे कारण त्याची शिस्त हे एक आणि ते पुण्यात १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले व त्यांना त्याची गरज भासली हे दुसरे. १८५२ च्या इनाम कमिशनने इनामदारांचे हक्क तपासताना याच दफ्तरातील कागद पुढे केले. कारकुनाने देणगी, खर्च वा वसुली टिपली, ती पेशव्यांच्या कारभारासाठी. ती अनेकांच्या वंशजांचे इनाम काढून घेण्याचे साधन होईल, हे लिहिणाऱ्याच्या मनातही नसणार. पुढे कित्येक दशके हे दफ्तर भारतीय संशोधकांना मोकळे नव्हते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे त्यांतील आशय सर्वांसमोर आला. नोंद एका हेतूने होते आणि दुसऱ्या हेतूने वाचली जाते. वाचण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर तिचा अर्थ अवलंबून राहतो. पुढील तांत्रिक विवेचनात याचा पुन्हा संदर्भ येईल.

'लॉग' : ओंडक्यापासून संगणकापर्यंत

लॉग हा शब्द जहाजावरचा. दोरीला बांधलेला लाकडी तुकडा जहाजाच्या मागील बाजूने पाण्यात सोडायचा आणि ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजून जहाजाचा वेग ठरवायचा, अशी पद्धत होती. हा वेग ज्या वहीत लिहिला जाई ती लॉगबुक. हळूहळू वारा, दिशा, भेटलेली गलबते, आजारी खलाशी असे सर्वच तीत येऊ लागले.

जहाजावरचा शब्द प्रयोगशाळेत आला. हार्वर्ड विद्यापीठातील मार्क २ या संगणकाच्या नोंदवहीत ९ सप्टेंबर १९४७ रोजी यंत्राच्या रिलेत सापडलेला पतंग चिकटवलेला आहे. ग्रेस हॉपर यांच्या नावाशी जोडली गेलेली ही वही आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. तोवर नोंद करणारा माणूस होता. पुढे यंत्र स्वतःच नोंद करू लागले. १९८० च्या दशकात बर्कले येथील एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल-आज्ञावलीसाठी 'सिसलॉग' तयार केला. त्यातील दोन कल्पना आजही टिकून आहेत. पहिली, प्रत्येक नोंदीला गांभीर्याची पायरी असावी. सिसलॉगमध्ये अशा आठ पायऱ्या आहेत, आणीबाणीपासून केवळ दोषशोधनाच्या तपशिलापर्यंत. दुसरी कल्पना अधिक महत्त्वाची. नोंद लिहिणारी आज्ञावली निराळी आणि ती स्वीकारून योग्य जागी ठेवणारी निराळी. चालते दफ्तर आणि एक बेरीज यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

लायब्ररींची दाटी

जावा या संगणकभाषेत लॉगिंगचा प्रश्न ज्या रीतीने गुंतला, तो आजच्या मोबाइल ॲपच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण अँड्रॉइड ॲपची घडण याच भाषेच्या परंपरेतून आली. १९९६ मध्ये सेम्पर या युरोपीय प्रकल्पात जेकी गुल्जू व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून पुढे लॉग४जे ही लायब्ररी निर्माण झाली आणि ती अपाची प्रतिष्ठानाकडे आली. २००२ मध्ये जावाच्या १.४ आवृत्तीत भाषेने स्वतःचीच लॉगिंग सोय दिली. आता दोन झाल्या. कोणी ही वापरली, कोणी ती. एका मोठ्या आज्ञावलीत दहा ठिकाणांहून आणलेले भाग असतात. प्रत्येकाचा वाकेनवीस वेगळा आणि प्रत्येकाची वही वेगळी, असा प्रकार होऊ लागला.

यावर उपाय म्हणून दर्शनी थर पुढे आला. ॲपने नोंद सांगायची ती या पातळ थराला. आत खरी वही कोणाची हे नंतर ठरवता येईल आणि बदलताही येईल. गुल्जू यांनीच २००० च्या दशकाच्या मध्यास एसएलएफ४जे हा दर्शनी थर आणि लॉगबॅक ही त्यामागे चालणारी नवी लायब्ररी काढली. स्वतः घडवलेली वस्तू बाजूस ठेवून तीच वस्तू बदलता येण्याची सोय त्याच कर्त्याने करावी, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासात नेहमी घडत नाही. लॉग४जेची पहिली मालिका ऑगस्ट २०१५ मध्ये अधिकृतपणे बंद झाली, तेव्हा ज्यांनी दर्शनी थर घेतला होता त्यांना वही बदलणे सोपे गेले. ज्यांनी प्रत्येक ओळीत लायब्ररीचे नाव गोंदवून ठेवले होते त्यांना मात्र सारी आज्ञावली चाळावी लागली.

मोबाइलवरची वही

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. त्याच्या प्रणालीत लॉगची सोय अंगभूतच होती. व्हर्बोज, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर अशा तिच्या पायऱ्या आहेत आणि साऱ्या ॲप्सच्या नोंदी एका सामायिक वर्तुळाकार साठ्यात जातात. साठा भरला की सर्वांत जुनी नोंद पुसली जाऊन तिच्या जागी नवी येते. विकासकाच्या टेबलावर, फोन संगणकाला जोडलेला असताना ही व्यवस्था उत्तम चालते. फोन वापरकर्त्याच्या खिशात गेला की तिचा उपयोग संपतो. तक्रार येईपर्यंत हव्या त्या नोंदी पुसल्या गेलेल्या असतात.

दुसरी अडचण वाचनाच्या अधिकाराची. २०१२ मधील अँड्रॉइड ४.१ आवृत्तीपर्यंत एखाद्या ॲपने परवानगी मागितली व वापरकर्त्याने ती दिली, तर ते ॲप इतर ॲप्सच्या नोंदीही वाचू शकत असे. म्हणजे एका ॲपच्या विकासकाने निष्काळजीपणाने लॉगमध्ये लिहिलेला दूरध्वनी क्रमांक दुसऱ्या ॲपला मिळू शकत होता. ४.१ पासून ही वाट सामान्य ॲप्सना बंद झाली. ॲपलने २०१६ मध्ये आयओएस १० सोबत नवी एकत्रित लॉग-व्यवस्था आणली, तीत तर ॲप चालू असताना तयार होणारा मजकूर नोंदीत मुळातच झाकला जातो. तो उघडा ठेवायचा असेल तर विकासकाने तसे स्पष्ट सांगावे लागते. न सांगता काय होते, हे येथे कळीचे आहे. विकासक घाईत असतो आणि घाईत जे आपोआप होते तेच बहुतांश ॲप्समध्ये होते.

या पार्श्वभूमीवर लायब्ररी आल्या. आयफोनसाठी रॉबी हॅन्सन यांनी सुरू केलेली कोकोआ लंबरजॅक, तर अँड्रॉइडसाठी २०१३ मध्ये जेक व्हार्टन यांनी काढलेली टिंबर. लॉग म्हणजे ओंडका, म्हणून ही लाकूडतोड्याची नावे. टिंबर आकाराने अगदी लहान आहे. ती स्वतः कोठेच काही लिहीत नाही. विकासकाने 'झाड' लावावे, म्हणजे नोंद कोठे जावी हे ठरवणारा भाग जोडावा, मगच नोंद होते. चाचणीच्या आवृत्तीत एक झाड लावावे आणि प्रत्यक्ष वितरणाच्या आवृत्तीत दुसरे लावावे किंवा लावूच नये. सारांश, ही लायब्ररी म्हणजे मुख्यतः एक दर्शनी थरच होय. तिच्या लोकप्रियतेचे श्रेय बहुधा तिच्या साधेपणास दिले जाते. तिचे खरे मोल मात्र नोंद कोठे जाईल हा प्रश्न ती विकासकाला टाळू देत नाही, यात आहे.

याउलट क्रॅशलिटिक्ससारख्या सेवेची गोष्ट. ॲप कोसळले की त्याचा अहवाल ती आपोआप दूरच्या सर्व्हरवर पाठवते. सोय निर्विवाद आहे, आणि हजारो फोनांवरचा बिघाड एका ठिकाणी पाहता येणे हे लहान गटाला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने परवडणारे नाही. २०११ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी २०१३ मध्ये ट्विटरने घेतली आणि २०१७ मध्ये ती गूगलकडे गेली. ॲप तेच राहिले, त्याचे वापरकर्तेही तेच राहिले, पण नोंदी ज्या घरात जात होत्या त्या घराचे मालक सहा वर्षांत दोनदा बदलले. हुजूर दफ्तराचा धनी १८१८ मध्ये बदलला तेव्हा कागदांवरचे एक अक्षरही बदलले नव्हते.

नोंदीतूनच घुसखोरी

नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ मधील घटना लायब्ररीच्या निवडीच्या इतिहासात वेगळी नोंदवावी लागते. अलिबाबा क्लाउडच्या सुरक्षा-गटाने २४ नोव्हेंबर रोजी लॉग४जेच्या दुसऱ्या मालिकेतील दोष अपाची प्रतिष्ठानास कळवला. ९-१० डिसेंबरला तो जाहीर झाला. 'लॉग४शेल' हे त्याचे प्रचलित नाव, सीव्हीई-२०२१-४४२२८ हा त्याचा क्रमांक, आणि गांभीर्य दहापैकी दहा. दोष असा की, नोंदीच्या मजकुरात विशिष्ट रचनेची अक्षरे आली तर लायब्ररी तो मजकूर नुसता लिहून न ठेवता ती अक्षरे आज्ञा समजून दूरच्या सर्व्हरवरून आज्ञावली आणू शकत असे. हल्लेखोराने लॉगिनच्या चौकटीत तेवढी अक्षरे टाइप केली तरी पुरे होते, कारण फसलेले लॉगिनही नोंदले जातेच. वाकेनवीसाने दरबारातील कोणाचे बोलणे टिपावे आणि ते बोलणे हुकूम समजून किल्ल्याचा दरवाजा उघडावा, तसा हा प्रकार.

ही सोय लायब्ररीत २०१३ मध्ये घातली गेली होती आणि बहुसंख्य वापरकर्त्यांना ती आपल्याकडे आहे याचा पत्ताही नव्हता. अँड्रॉइडमध्ये जावाचा तो विशिष्ट भाग समाविष्ट नसल्याने फोनवरील ॲप्सना थेट धोका पोचला नाही. तथापि ती ॲप्स ज्या सर्व्हरांशी बोलत होती त्यांतील असंख्य सर्व्हर बाधित होते. एवढ्या व्यापक वापराच्या लायब्ररीची देखभाल मूठभर स्वयंसेवक करीत होते, हेही तेव्हाच सर्वांच्या ध्यानी आले. लायब्ररीत सोयी किती आहेत हा निवडीचा निकष तेव्हापासून संशयास्पद झाला. आपल्याला नको असलेल्या किती सोयी तीत आहेत, हा प्रश्न अधिक उपयोगी आहे.

दोष लायब्ररीचाच असतो असेही नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले. पासवर्ड सांकेतिक रूपात बदलले जाण्याआधीच ते अंतर्गत लॉगमध्ये उघड्या स्वरूपात लिहिले जात होते, असे कंपनीनेच जाहीर केले. तेथे लायब्ररीने सांगितलेले काम चोख केले होते. काय लिहू नये हे कोणी सांगितले नव्हते.

माणगावच्या शेतातील नोंद

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचे ॲप राज्यभर सुरू झाले. गाव नमुना बारामधील पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत असे. आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र काढतो, त्यासोबत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश जातात आणि नोंद सातबाऱ्यावर येते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्यास आपली नोंद ४८ तासांच्या आत दुरुस्त करण्याची मुभा दिली गेली, आणि तलाठ्याने सर्वच नोंदी न तपासता १० टक्के तपासाव्यात असे ठरले. रोजकिर्दीच्या शिस्तीशी तुलना करता ही ४८ तासांची मुदत म्हणजे शाई वाळण्यास दिलेला अवधी होय.

ॲपमधील पिकाची नोंद ही सरकारी अभिलेख आहे, तर ॲपचा लॉग ही त्या नोंदीची नोंद. दोन्हींत गल्लत करू नये. परंतु वाद निर्माण होतो तेव्हा पहिलीचे खरेखोटेपण ठरवण्यासाठी दुसरीच लागते. माणगाव तालुक्यातील एखाद्या डोंगरवाडीवरचा शेतकरी मुदतीच्या शेवटच्या दिवशी छायाचित्र काढतो आणि नोंद पाठवतो. रेंज नसते, चक्र फिरत राहते, फोन बंद पडतो. पुढे अतिवृष्टीत भात आडवे होते आणि नुकसानभरपाईच्या वेळी सातबाऱ्यावर पीक दिसत नाही. त्याने प्रयत्न केला होता की नाही? केला असल्यास किती वाजता? छायाचित्र फोनमध्ये साठले होते का? संपर्क तुटला तो कोणत्या टप्प्यावर? त्याच्या बाजूने बोलणारे काही असेलच, तर ते त्या फोनमधील लॉग. वर्तुळाकार साठ्यावर विसंबले असेल तर तोही पुसला गेलेला असतो.

रेंजचा हा मुद्दा या परिसरात काल्पनिक नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव या दक्षिण भागात विजेचे खांब पडले, मोबाइलचे मनोरे बंद झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस संपर्काबाहेर राहिली. नोंद केवळ सर्व्हरवर पाठवणारी, स्थानिक प्रत न ठेवणारी लायब्ररी अशा वेळी कुचकामी ठरते. उलट, केवळ फोनवर ठेवणारी लायब्ररी फोन पाण्यात गेला की रायगडच्या दफ्तराच्या वाटेने जाते. येथील परिस्थितीस अनुरूप रचना म्हणजे ठरावीक आकाराची स्थानिक फाइल आणि संपर्क मिळताच तिचा आवश्यक तेवढाच भाग पाठवण्याची सोय. ती टिंबरसारख्या पातळ थरामागे जोडता येते. फाइलची मर्यादा मेगाबाइटमध्ये आधीच ठरवावी, कारण ग्रामीण भागात वापरात असलेल्या स्वस्त फोनांत साठवणुकीची जागा मुळात कमी असते आणि ती लॉगने खाल्ली तर वापरकर्ता ॲपच काढून टाकतो.

लोणेरे काय किंवा अन्यत्र काय, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापुढे लॉगिंगचा विषय येतो तो बहुधा प्रकल्पाच्या शेवटच्या आठवड्यात, ॲप का बिघडते हे उमगत नाही तेव्हा. त्या घाईत पडेल त्या माहितीची नोंद होते. सादरीकरणानंतर तेच ॲप कोणाच्या तरी उपयोगासाठी दिले जाते आणि त्या ओळी तशाच राहतात. तालुक्याच्या पातळीवरील आरोग्य, शेती किंवा शाळेच्या ॲपमध्ये नाव, आधार क्रमांक, आजाराचे वर्णन असे काही लॉगमध्ये गेले, तर त्याची झळ बसणारी माणसे गावातलीच असतात. कोविडकाळात २ एप्रिल २०२० रोजी आलेल्या आरोग्य सेतू ॲपविषयी जी चर्चा झाली तिचा गाभा हाच होता. संपर्काच्या नोंदी फोनवर ३० दिवसांनी पुसल्या जाव्यात असा नियम त्यात होता आणि २६ मे २०२० रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली. हे पाऊल टीकेनंतर उचलले गेले असले, तरी त्यामुळे नोंद कोठे जाते हे बाहेरच्यांना तपासता आले.

कायद्याची मुदत

आता निवडीचा प्रश्न केवळ विकासकाच्या मर्जीचा राहिलेला नाही. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार माहिती-तंत्रज्ञान प्रणालींचे लॉग १८० दिवस भारतात जतन करणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक झाले. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठीचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. त्यांत लॉग एक वर्ष जपण्याची तरतूद आहे. त्याच कायद्यात, माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. जपा असेही कायदा सांगतो आणि अनावश्यक बाळगू नका असेही सांगतो. या दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळायच्या तर लॉगमध्ये व्यक्तीचे नाव न जाता केवळ घटनेची खूण जावी, हाच मार्ग उरतो.

न्यायालयीन बाजूही महाराष्ट्रातीलच एका खटल्याने स्पष्ट केली. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज ठरलेल्या वेळेत दाखल झाला की नंतर, हा वाद निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणावर येऊन ठेपला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक असल्याचा निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ ने ही अट पुढे चालू ठेवली आहे आणि प्रमाणपत्रात अभिलेखाचे हॅश मूल्य देण्यास सांगितले आहे. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली अशी खूण की एक अक्षर बदलले तरी ती बदलते. पेढीवरच्या कारकुनाने पानाखाली बेरीज मांडून खाडाखोडीला जागा न ठेवावी, त्यातलाच हा प्रकार.

परंतु मोबाइलसाठी प्रचलित असलेल्या टिंबरसारख्या लायब्ररी विकासकाला दोष शोधता यावा एवढ्याचसाठी घडवल्या गेल्या आहेत. त्यांनी लिहिलेली फाइल कोणीही उघडून बदलू शकतो आणि बदलल्याची खूण मागे राहत नाही. ज्या ॲपच्या नोंदीवर कोणाची नुकसानभरपाई अवलंबून आहे, तेथे प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीची हॅश खूण गुंफण्याची सोय दर्शनी थरामागे विकासकाला स्वतःच जोडावी लागते. ती काही ओळींची आज्ञावली आहे. फोनचे घड्याळ वापरकर्त्याच्या हाती असल्याने नोंदीत सर्व्हरची वेळही, संपर्क होईल तेव्हा, लिहावी लागते. डोंगरवाडीवरच्या त्या शेतकऱ्याने मुदतीच्या दिवशी पाठवलेली नोंद आणि मुदत उलटल्यावर घड्याळ मागे करून पाठवलेली नोंद यांतील फरक तेवढ्यावरूनच ठरवता येतो.